वाजवून बोला

"हात दे बे त्याला. खात न्हाई तो."

आमच्या खताच्या दुकानात काउंटरवर बसून हे वाक्य मी दिवसातून दोन-तीनदा तरी ऐकायचे. समोरच्या पत्र्याच्या शेडपुढे कोणी नवखा शेतकरी जळालेली मोटार घेऊन उभा असायचा आणि एक काळा कुत्रा उठून सावकाश त्याच्याकडे चालत यायचा. नवखा मागे सरायचा. पानटपरीवरून कोणीतरी हे ओरडायचं. मग तो भीत भीत हात पुढे करायचा, कुत्रा त्याचं मनगट अलगद तोंडात धरायचा आणि त्याला आत चाचांपर्यंत नेऊन सोडायचा.

चाचा पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. असा एखादा मिस्त्री तुम्हीही पाहिला असेल, तांब्याच्या तारेवर दिवसभर वाकलेला. आमच्या चाचांना ऐकू फार कमी यायचं. मोटारींनीच कान खाल्ले, असं ते सांगायचे. गिऱ्हाइकं बाहेरून हाका मारून परत जायची, म्हणून त्यांनी कुत्र्याला हे काम शिकवलं होतं. मिक्सरमधल्या कार्बनसारखा काळा, म्हणून त्याचं नाव कार्बन. नमाजाचे पांढरे कपडे मात्र चाचा उंच खिळ्यावर टांगायचे, आणि कार्बनची लाळ लागली की कोपरापर्यंत हात धुवायचे. "त्याचं त्याच्यापाशी, माझं माझ्यापाशी," म्हणायचे.

कोणीही आत आलं की मान वर न करता ते म्हणत, "वाजवून बोला!"

हे वाक्य सगळ्यात जास्त माझ्यावर वाया गेलं. मी अंबाजोगाईच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे इंग्रजी चुकेल म्हणून गप्प बसायचे, आणि आमच्या युसूफ वडगाव या गावात परत आल्यावर मराठी पुस्तकी वाटेल म्हणून.

"बेटा, तू नुसते ओठ घेऊन येतीस," चाचा म्हणायचे. "आवाज काय घरी ठेवतीस?"

बेअरिंग ऐकण्याची त्यांची एक पद्धत होती. चालू मोटारीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, त्याची मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. हाडातून ऐकू येतं, म्हणायचे. एकदा मूठ माझ्या कानाशी लावली. "सांग, रडती का हसती?"

मला नुसती घरघर ऐकू आली. "रडते," मी म्हणाले.

"बघा!" चाचा रस्त्यापलीकडच्या पप्पांना ओरडून म्हणाले. "बोलती की तुमची पोरगी! मोटारीचं ऐकून बोलली!"

त्या उन्हाळ्यात मोटारी फार जळत होत्या. एका दुपारी दोन भाऊबंद चाचांच्या शेडपुढे भांडायला लागले. आधी कोणाची मोटार, एवढंच कारण. चाचा आत वाकलेले, त्यांना पत्ताही नाही. एकानं पाना उचलला. पप्पा केजला गेले होते. मी घाबरले आणि पोलिसांना फोन केला.

पोलीस येईपर्यंत भांडण विझलं होतं. टपरीवाला दोघांना घेऊन पलीकडच्या हॉटेलात चहाला गेला होता. रस्ता रिकामा. हवालदार गाडीतच बसून राहिले. एक तरुण शिपाई काठी घेऊन उतरला. आत मोटार टेस्टिंगला लावलेली, तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"कोण आहे आत?" शिपाई ओरडला. पुन्हा ओरडला.

कार्बन उठला.

शिपायानं वळून माझ्याकडे पाहिलं. "ओ ताई, चावतं का हे?"

उत्तर मला पाठ होतं. पण बोलले असते तर त्यानं पुढचं विचारलं असतं, फोन कोणी केला म्हणून. दोन्ही भाऊबंद आमचीच गिऱ्हाइकं. पप्पा काय म्हणतील? हे सगळं मी नंतर जुळवलेलं आहे. त्या क्षणी मी काहीच विचार केला नाही. मी मान खाली घालून बिलबुकात पाहिलं.

कार्बननं आपलं काम केलं. शिपायाचं मनगट धरलं आणि आत ओढलं.

मी वर पाहिलं तेव्हा काठी खाली येत होती. पहिल्याच फटक्याला कार्बननं हात सोडला. त्यानंतर आणखी तीन बसले. शिपायाचा चेहरा पांढरा पडला होता. वयानं माझ्याएवढाच असेल. कुत्रा चावला, असंच त्याला वाटत होतं.

तेवढ्यात लाइट गेली. मोटार थांबली, म्हणून चाचा बाहेर आले. कार्बन उंबऱ्यात पडलेला. तरी चाचांनी आधी शिपायाचा हात हातात घेतला. "दात लागले का साहेब?"

मनगट ओलं होतं. ओरखडासुद्धा नव्हता.

"मी विचारलं होतं," शिपाई पुटपुटला. चाचांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

जनावरांच्या दवाखान्यात नेईपर्यंत कार्बन गेला.

चाचा कोणावर चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. "त्या पोराला काय माहीत?" ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. "मीच शिकिवलं हात धराया. दुसरं कायबी शिकिवलं असतं तर वाचला असता. मीच मारला." हातातली तार तशीच राहायची. काउंटरवर बसून मी हे रोज ऐकायचे आणि बिलं लिहायचे.

दारात त्यांनी एक पत्रा टांगला, त्याला वाजवायला पाना बांधला. लोक वाजवून वाजवून परत जायचे. आता शेडला कुलूप आहे, आणि वारा सुटला की तो पाना पत्र्यावर आपटतो.

चाचा परळीला लेकीकडे गेले, त्या सकाळी टेम्पो भरून झाला होता. पप्पांनी माझ्या हाती चहा पाठवला. चाचा उंच खिळ्यावरचे पांढरे कपडे काढत होते.

"तू तर समोरच बसतीस, बेटा," ते म्हणाले. "तूच सांग. चूक माझीच ना?"

मी काहीतरी बोलले. नुसते ओठ हलले असावेत. त्यांनी कप खाली ठेवला आणि कान पुढे केला. बाहेर टेम्पोवाला उभा होता, टपरीवर पाच-सहाजण होते, आमच्या काउंटरवर पप्पा.

"वाजवून बोल, बेटा."

"तुमची चूक नाही, चाचा! फोन मी केला होता! चावतं का, असं त्यानं मला विचारलं होतं! मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही!"