दुःख कमी पडतंय

“दुःख कमी पडतंय,” असं म्हणून सर पेनाला टोपण लावायचे. टोपण लागलं की समोरच्या मुलानं समजायचं, आजचा विषय संपला. घरी जायचं, आठवायचं आणि पुढच्या खेपेला काहीतरी चांगलं घेऊन यायचं. चांगलं म्हणजे वाईट. कुणाचं आजारपण, कुणाचं मरण, अगदीच काही नाही तर जळालेला गोठा.

जुन्नरला बसस्टँडजवळ एका बेकरीच्या वर त्यांचा क्लास होता. एमबीएच्या मोठ्या संस्थांची परीक्षा पास झालेली, मुलाखतीचा कॉल आलेली मुलं तिथं यायची. आपला नंबर लागेल का, एवढंच त्यांना विचारायचं असायचं आणि सर ते सांगायचे. तुम्हाला वाटेल, मार्क बघून सांगत असतील. छे. “मार्क सगळ्यांनाच असतात,” म्हणत ते मार्कांचा कागद बाजूला सारायचे आणि विचारायचे, “घरी काय झालंय?”

मी तेव्हा बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि दुपारी घरात करमत नव्हतं. सरांना सरावाच्या मुलाखतीसाठी इंग्रजी बोलणारी, चष्म्याच्या वरून बघणारी एक वयस्कर बाई हवी होती. त्या वर्णनात मी चपखल बसले. कर्ज मागायला आलेल्या माणसाची पत जोखण्यात माझी हयात गेलेली, तेव्हा मुलांना चार प्रश्न विचारणं जड नव्हतं. जड होतं ते शेजारच्या खुर्चीतल्या सरांचं खाणं बघणं.

खालून ताजी नानकटाई यायची. समोर एखादी मुलगी आईच्या कॅन्सरबद्दल सांगत असायची आणि सर नानकटाई चहात बुडवत असायचे. भिजलेला तुकडा कपात पडायच्या आत तोंडात टाकायचा, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मुलीचा आवाज कापायला लागला की ते मिशीवरचा चुरा पुसायचे आणि म्हणायचे, “हे चांगलंय. इथं थांब. रडायचं नाही, नुसतं थांबायचं. ते स्वतःहून पाणी देतील.” मला किळस यायची. आजही येते. नानकटाई मी तेव्हापासून सोडली.

बेल्ह्याच्या एका मुलाच्या वडिलांचा बैलांचा व्यापार होता, दारात दोन टेम्पो. सरांनी त्यांचे टेम्पो काढून घेतले, बैल काढून घेतले आणि त्या भल्या माणसाला आठवड्याच्या बाजारात शेण भरायला लावलं. मुलगा चाचरत काही म्हणायला गेला तर सर म्हणाले, बाजार तोच आहे ना, मग खोटं काय? तळेघरच्या एका मुलावर तर ते खूशच होते. त्याच्याकडे डोंगर होता, पायवाट होती, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी आजी होती. “पण सर, आता नळ आलाय,” तो बिचारा म्हणाला.

“तो नळ मुलाखतीत आणू नकोस,” सर म्हणाले.

मी हसले होते. तुम्हीही हसला असता.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, हे असलं कुठून शिकलात? तर म्हणाले, त्यांनाही एके काळी एका मोठ्या संस्थेचा कॉल आला होता. वडील ग्रामसेवक, घरात खाऊनपिऊन सुखी, सगळं त्यांनी खरं खरं सांगितलं. त्यांच्यानंतर आत गेलेल्या मुलाला आई नव्हती. त्याचा नंबर लागला, यांचा राहिला.

“घरी आलो तर आईनं ताट वाढून ठेवलेलं,” सर म्हणाले. “आणि मला तिचा राग आला, मॅडम. ती जिवंत होती म्हणून.”

बोलताना ते हातातल्या टोपणाकडे बघत होते. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण दया येणं आणि माणूस पटणं यात अंतर असतं, आणि पुढे सुजाता आली तेव्हा ते मला नीट कळलं.

सुजाता घोडेगावची. वडिलांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे वाइंडिंगचं दुकान. तिचे आजोबा छप्पन साली बौद्ध झाले आणि त्यांनी मेलेली ढोरं ओढणं आणि दारोदार भाकरी मागणं त्याच दिवशी सोडलं. तेव्हापासून त्या घरात एकच नेम होता, कुणापुढं हात पसरायचा नाही. मुलगी बोलायची कमी, पण विचार करून.

तिनं आम्हाला वडिलांच्या दुकानाचं सांगितलं. ऐन उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोटारी एकदम जळतात, दुकानापुढं भांडणं होतात आणि तिकडं पीक वाळतं. हिनं वडिलांना दोन जुन्या मोटारी भरून तयार ठेवायला लावल्या. ज्याची मोटार दुकानात पडेल त्यानं तोवर ती न्यायची. भांडणं थांबली, मंचरपासून गिऱ्हाईक यायला लागलं. मी मनात म्हटलं, बिझनेस स्कूलला आणखी काय हवं असतं? सरांनी मात्र विचारलं, वडील पितात का? नाही. आजारी असतात? नाही, ठणठणीत आहेत.

टोपण लागलं. “दुःख कमी पडतंय,” सर म्हणाले. “तुमच्याकडे तर पिढ्यांचं दुःख आहे आणि तू मोटारी काय सांगत बसलीस?”

“ते आजोबांनी सोसलं, सर,” सुजाता म्हणाली. “ते मी कसं विकायला काढू?”

मला उठून तिची पाठ थोपटावीशी वाटली. तिला दोन कॉल होते. पहिल्या मुलाखतीत तिनं दुकानाचंच सांगितलं, मीही तेच सांग म्हटलं होतं. तिथं नंबर लागला नाही. सरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि तिला जवळ बसवून अगदी मायेनं म्हणाले, एकच कॉल उरलाय, समज वडील नसते तर? मी म्हटलं, सर, तोंड सांभाळा. ते शांतपणे म्हणाले, बँकेत तुम्ही तारण घेत होता ना, मॅडम, तिथं दुःख तारण ठेवावं लागतं. सुजाता उठली. पिशवी उचलून घोडेगावची एसटी पकडायला निघून गेली.

आणि तिचा नंबर लागला. बाहेरच्या राज्यातली, भल्याभल्यांना न मिळणारी संस्था. आपल्याकडे पोरगं कुठं चिकटलं की सत्कार आलाच. बेकरीसमोरच्या हॉलमध्ये खुर्च्या लागल्या, शाल-श्रीफळ आलं, स्टँडवर फ्लेक्स लागला. मी पोचले तेव्हा फ्लेक्सखाली नवा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ उभे होते. बोटांना वार्निशचे डाग.

“जयभीम, मॅडम. मी सुजाताचा वडील. पोरगी लई नाव काढती तुमचं.”

मी वर बघितलं. सुजाताचा मोठा फोटो, बाजूला आईचा, आणि खाली वडिलांचं नाव. नावाआधी ‘कालकथित’. बौद्ध घरात गेलेल्या माणसाच्या नावाआधी हा शब्द लिहितात. ते केव्हापासून तिथं उभे होते कोण जाणे.

सर लगबगीनं आले. मला वाटलं, चूक झाली म्हणतील, फ्लेक्सवाल्यावर ढकलतील. तसलं काही नाही. त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं की कार्यक्रमाचा व्हिडिओ नेटवर जाणार, तिकडच्या कुणी बघितलं तर सीट धोक्यात येईल, तेव्हा तुम्ही तेवढा वेळ बेकरीत बसा.

“पोरीनं तसं सांगितलं व्हतं का तिथं?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं म्हणून तर मिळालं,” सर म्हणाले.

ते बेकरीत जाऊन बसले. मी हॉलमध्ये गेले नाही, त्यांच्यासमोर बसले. स्पीकरमधून सरांचा आवाज येत होता, पितृछत्र हरपलेली ही लेक वगैरे, आणि मग टाळ्या. ते मान खाली घालून ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “टाळ्या लई पडल्या, न्हाई का?” कार्यक्रम संपल्यावर सुजाता आईबरोबर शाल हातात घेऊन दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तिला आत पाऊल टाकवेना. तेच उठले, गाडी चुकंल म्हणाले आणि मायलेकींना घेऊन स्टँडकडे गेले.

मी वर जाऊन सरांना म्हटलं, जित्या माणसाचं तेरावं जेवलात तुम्ही, मी उद्यापासून येणार नाही. ते चिडले नाहीत. डोळे पुसत होते. मुलांचे नंबर लागले की त्यांना रडू यायचं, आणि ते रडू खरं असायचं. मला ते जास्त ओंगळ वाटलं. “मुलगी लागली की नाही, मॅडम?” एवढंच ते म्हणाले.

सर आता पुण्यात असतात. मोठा क्लास आहे, म्हणतात, हाताखाली माणसं आहेत. बेकरीवरच्या खोलीत ब्युटी पार्लर आलं. परवा माझी पाण्याची मोटार जळाली. जुन्नरात दुकानं कमी नाहीत, तरी मी ती रिक्षात घालून घोडेगावला नेली.

सुजाताच्या वडिलांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. पोरीला संस्थेत सोडायला तेच गेले होते.

“गेटवर इचारलं, कोन तुमी? म्हनलं, चुलता,” ते हातातली तार गुंडाळत म्हणाले. “पोरगी गप हुबी व्हती. आता फोन आला का मी आदी बोलत न्हाई. ती पप्पा म्हनली तर एकटी हाय. काका म्हनली तर खोलीत पोरी हायेत.”

मोटार उघडून ते आत काय जळालं ते दाखवत होते, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी हात पुसले, फोन कानाला लावला आणि नुसते ऐकत उभे राहिले.

“बोल बाळा,” मग ते म्हणाले, “काका बोलतोय.”