कापडणीस सरांचं साधं पाणी

कापडणीस सर कुठलाही प्रयोग साध्या पाण्याने सुरू करत. चुंबकाला चिकटणाऱ्या लोहकणांचं काळं द्रावण तयार असलं, तरी लेझरखाली आधी नुसत्या पाण्याची नळी, कणांशिवाय किती तापतं ते बघायला. “आधी पाण्याला विचारावं. त्याला कुणाची भीड नसते,” म्हणत. आम्ही त्यांना पाठीमागे ‘पाणीवाले सर’ म्हणायचो.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली. कण चुंबकाने गाठीपाशी न्यायचे, वर लेझर सोडायचा, म्हणजे तापलेल्या कणांनी कॅन्सरची गाठ मरेल, अशी कल्पना. ती निदान नळीत तरी खरी ठरावी म्हणून सर सहा वर्षं खपत होते. सातपूरच्या बसने मी पोचले की डोळे चोळत म्हणायचे, “ये. आज पण काही होणार नाय.” आणि निगुतीने कामाला लागायचे.

लोडशेडिंगचे दिवस होते. एकदा वीज जायला थोडाच वेळ उरला, म्हणून मी पाण्याची नळी वगळली. मग वगळतच गेले. आकडे झकास आले. त्यांवरचा आमचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकाने स्वीकारला. माझी पीएच.डी. आणि निवृत्तीला टेकलेल्या सरांचं नाव, दोन्ही त्यावर अवलंबून होतं.

छपाईआधी सरांनी विचारलं, “पाण्याचे आकडे कुठंयत?” “घेतले नाहीत,” मी म्हणाले. त्यांनी स्वतः नळीत पाणी भरून लेझर लावला. पाण्याचा आकडाही जवळजवळ तेवढाच चढला. फार थकले की त्यांच्या तोंडी सटाण्याकडची बोली यायची. “हाई काय शे, पोरी?” लेझरचा झोत थेट तापमापकाच्या तारेवर पडत होता. तापत होती तार, आणि आम्ही कौतुक करत होतो कणांचं.

“कुणाला कळणार आहे, सर?” मी म्हणाले. हे लिहितानाही लाज वाटते.

“उद्या कुणी हे खरं धरून माणसावर लेझर सोडला तर?” एवढंच बोलून त्यांनी पत्र लिहायला घेतलं. ‘निबंध मागे घेतो आहे, सगळी मोजमापं मी स्वतः केली होती, चूक माझी.’

“सर, पण ती तर मी...”

“माझं आता काय राहिलंय? तुझं सगळं व्हायचंय.”

ते पत्र मीच टपालात टाकलं. पुढे नव्याने प्रयोग करून मला डॉक्टरेट मिळाली. निवृत्तीनंतर चारेक वर्षांत सर गेले. शोकसभेत त्यांचे एक सहकारी म्हणाले, “माणूस सज्जन. मोजमापात मात्र जरा कच्चे.” लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्याच रांगेत बसले होते.