मोजून दिलेला ऑक्सिजन

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली त्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं साजरा करतात त्या तान्ह्या पोळ्यापासून महिनाभर, सातव्या महिन्यात जन्मलेल्या एका मुलीवर अन्याय झाला. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन दिला, पण न मोजता. त्या जादा ऑक्सिजननं डोळे गेले, असं नागपूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

तिचा बाप गॅस कटर, ऑक्सिजनच्या ज्योतीनं लोखंड कापणारा. मी कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचो, तो शेजारी पाइप कापायचा. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी हळूच फिरवून दाबाचा काटा निरखायचा, मगच ज्योत पेटवायचा.

मी चिडवलं, "काका, मुहूर्त पाहून राहिले का?"

"लोखंडाले बी मोजून देतो, बाबू. माह्या पोरीले देताना काटा कोणं पाहिला?"

कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन लागतोच, तो नाकारू नका. पण पेटीजवळ उभे राहा आणि डॉक्टरांना विचारा: किती देता, आणि मोजतं कोण?