पोथी रडत्या जागी मिटली
आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, एक नेम होता. पोथी रडत्या जागी थांबवायची नाही. वाचणारीचा घसा बसो, चुलीवर भाकरी करपो, देवाचा जयजयकार येईपर्यंत पोथी मिटायची नाही. घरात वाचणारी मी एकटीच. शाळा कुठली हो! वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकलेली.

मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा होता. आम्ही सगळ्या बायका तलावाच्या कामावर माती वाहायला. बाजाराच्या दिवशी काम बंद, म्हणून दुपारी आमच्या ओसरीवर पोथी. माझी धाकटी जाऊ खांबाला टेकून बसायची. तिचं तान्हं लेकरू हगवणीनं गेलं होतं. झऱ्याचं गढूळ पाणी, दुसरं काय! पण ही रडलीच नाही. कामावर वाटलेली सुकडी पदरात बांधून आणायची आणि कुणाच्याही पोराला देऊन टाकायची. घास म्हणून तोंडात जाईना. आम्हाला वाटायचं, आता ही पण जाते.

त्या दुपारी शेजारीण म्हणाली, "एवढी वाहवा करतोय देवाची, पावसाचे दोन थेंब टाकायला त्याचं काय जातंय गं?"

बायका हसल्या. "गप बस भवाने," आत्याबाई म्हणाल्या. "तू वाच गं."

अध्याय राणीचा होता. मेलेलं लेकरू मांडीवर घेऊन ती विलाप करते. पान उलटलं की देव येतो, लेकरू उठून बसतं, सगळे जयजयकार करतात. मी पान उलटणार, तेवढ्यात जावेनं माझा हात धरला.

"आक्का, पुढं वाचू नका."

"अगं, पुढं चांगलं हाय की."

"तिचं उठतंय. माझं न्हाय उठलं. हितंच मिटा."

आत्याबाई उठल्या. म्हटलं, आता बसतीय हिच्या मुस्काटात! तर त्यांनी माझ्यापुढची पोथी ओढली, फडक्यात गुंडाळली आणि मोठ्यानं गळा काढला, "माझ्या सोन्या, तुला पाटीत घालून नेला रं! तोंड बी बघू दिलं न्हाय मला!"

आम्ही गारच पडलो. हे लेकरू कुणाचं? तर त्यांचंच, पहिलं, माझ्या मालकांच्याही आधीचं. इतकी वर्षं एका चुलीपाशी बसलो, पण या बाईनं कधी अवाक्षर काढलं नव्हतं. जाऊ नुसती बघत राहिली. मग तिच्या घशातून असा आवाज निघाला, की दावणीची जनावरं उठून उभी राहिली. सासूच्या मांडीत पडून ती रडली. माझ्या मनात आलं, राणीचं रडणं कुणीतरी पानंच्या पानं लिहून ठेवलेलं, तेही देवाच्या पोथीत, आणि आम्ही दर खेपेला ते ओलांडून पुढं पळत होतो!

दिवेलागणीला जाऊ चुलीपाशी आली. "आक्का, भाकरी हाय का?"

रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी होती, चामड्यासारखी. तिनं चतकोर खाल्ली. आत्याबाई तिच्याकडं न बघताच म्हणाल्या, "आणखी वाढ तिला."