शिकवायला किती दिवस

कुलपांच्या कारखान्यात तपासणीची खोली सगळ्यात शांत. तिथे काकू धरून अकरा बायका दिवसभर कुलपात किल्ली फिरवत आणि कान देऊन ऐकत. खटका नीट पडला की कुलूप पुढे जायचं, जरा अडखळला की बाजूला. बावीस वर्षं काकू या खोलीच्या प्रमुख होत्या. घरीसुद्धा दाराची कडी कुणी लावली, हे त्या पाठमोऱ्या सांगत.

नव्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा दिला. "काकू, कंपनी पुढच्या पाच वर्षांचं धोरण ठरवतेय. ते वरून लादलेलं नको, तुम्हा सगळ्यांचं हवं. बायका तुमचंच ऐकतात."

त्यांनी सगळ्यांना वाटायला दिलेल्या कागदांवर एकच प्रश्न होता: तुमचं काम नव्या माणसाला शिकवायला किती दिवस लागतील?

आठवडाभर कागद तसेच कोरे.

"मी लिहायचं आणि उद्या घरी बसायचं?" कोपऱ्यातली उंच बाई म्हणाली.

"अगं, इतक्या वर्षांत आपल्याला कुणी काही विचारलं होतं का?" काकू म्हणाल्या. "विचारतायत तर सांगू या. मी आहे ना."

त्या शब्दावर पेनं उघडली. पण या खोलीत मान होता तो पटकन शिकवणारीला. पहिलीने आठ दिवस लिहिले. शेजारणीने वाकून बघितलं आणि पाच लिहिले. काकूंची नणंदही तिथेच कामाला. "आठ दिवस? तेवढ्यात मी आमच्या ह्यांना शिकवीन, आणि ते तर माझी हाकसुद्धा ऐकत नाहीत!" सगळ्या हसल्या. तिने दोन लिहिले. काकूंनी हसत हसत एक लिहिला आणि खाली सही केली. त्यांच्या स्वतःच्या कानाला वर्ष लागलं होतं.

सोमवारी एक माणूस टेप घेऊन आला, खोलीची लांबी-रुंदी मोजून गेला. कशासाठी, ते कुणालाच कळलं नाही.

"सगळ्यात जास्त प्रतिसाद तुमच्या विभागाचा," साहेब खूश होते. "एक दिवस म्हणजे खरंच एक दिवस ना?"

"साहेब, ते आपलं चेष्टेत... वर्ष लागतं," काकू म्हणाल्या.

"सही तुमचीच आहे," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "गुरुवारी कंत्राटदाराकडच्या कामगार बायका येतील. त्यांना जमलं, तर हे काम त्यांच्याकडे. नाही जमलं, तर तुम्ही आहातच."

गुरुवारी चौघी आल्या. काकूंनी पहिलीच्या हातात मुद्दाम अवघड कुलूप दिलं, केसाएवढं अडखळणारं.

"काय ऐकू येतं?"

"काहीच नाही."

दुसरं दिलं.

"नाही हो, काहीच नाही."

मागे नणंदेने सुटकेचा निःश्वास सोडला.

तिसऱ्या वेळी त्या बाईने डोळे मिटले. किल्ली पुन्हा फिरवली. "हे जरा... अडकतंय का?"

काकूंनी कुलूप कानाशी नेलं. न्यायची गरज नव्हती. साहेब दारात उभे होते. दहा बायका हातातलं काम थांबवून काकूंच्या तोंडाकडे बघत होत्या.

"वहिनी," नणंद पुटपुटली.

"बरोबर आहे तिचं," काकू म्हणाल्या.

आणि कुणी न सांगता त्या बाईने चौथं कुलूप उचललं.