मानेकाका आणि चाकांवरचं मीठ

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ऑफिसला निघायच्या गडबडीत असताना रेवाचा फोन आला. रेवा ही मानेकाकांची मुलगी, आखन शहरात शिकते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती जर्मनच. त्या सकाळीही ती जर्मनमध्येच बोलली, अगदी शांतपणे, एखादा निरोप पोचवावा तसं. बाबा थोड्या वेळापूर्वी गेले, हॉस्पिटलमध्ये, आई सोबत होती. मीही तिला जर्मनमध्येच काहीतरी उत्तर दिलं, येते म्हटलं आणि फोन ठेवला. मग नवऱ्याला सांगायला स्वयंपाकघरात गेले आणि "मानेकाका गेले" हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा... तेव्हा ते मला पहिल्यांदा कळलं. तोवर ऐकलेलं सगळं जणू दुसऱ्याच कुणाबद्दलचं होतं.

सुधाकर माने मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या एका फाउंड्रीत काम करता करता ते जर्मनीत आले आणि पंचवीसहून अधिक वर्षं इथेच, एर्लांगेनला राहिले. आमच्या इथल्या मराठी मंडळींत दोन माने होते. एक सॉफ्टवेअरवाले आणि दुसरे हे. यांना सगळे 'चाकवाले माने' म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं.

माझी त्यांची ओळख अकरा वर्षांपूर्वी एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये झाली. माझा इथला पहिला हिवाळा. नुकतीच जुनी गाडी घेतली होती, तिचं पुढचं चाक बसलं होतं, आणि मी पाच बोल्ट काढूनही ते चाक जागचं हलत नव्हतं. लाथा मारून झाल्या, ओढून झालं. नवरा कामासाठी परगावी होता, त्याला फोनवर रडवेल्या आवाजात सांगत होते की चाक चिकटलंय, काय करू. मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बोल्ट परत लाव. पण सैल ठेव." वळून बघितलं तर जाड निळं जाकीट घातलेले, मिशा पांढऱ्या होऊ लागलेले एक गृहस्थ, हातात दुधाची पिशवी. त्यांनी पिशवी गाडीच्या टपावर ठेवली, स्वतःच बोल्ट अर्धवट बसवले, जॅक खाली घेतला आणि मला म्हणाले, "आल्झो, चल, बस गाडीत. फूटभर पुढं घे, फूटभर मागं घे. हळू." तिसऱ्या खेपेला 'टक्क' असा आवाज झाला आणि चाक सुटलं.

ते काढलेलं चाक त्यांनी उलटं करून मला दाखवलं. आतल्या बाजूला, चकचकीत थराखाली, पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेघा उमटल्या होत्या. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, मीठ. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात ते. खडा उडून रिमला बारीकसा टवका उडतो, तिथून ते आत शिरतं आणि वरच्या थराखालून धातू खात जातं. हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तबकडीवर, गंज चढतो तोही त्यामुळेच, म्हणून चाक चिकटतं. हिवाळ्यात चाकं कधी धुतली होती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाऊस पडतोच की. त्यावर ते हसले नाहीत. पाऊस बाहेरून पडतो, एवढंच म्हणाले. स्टेपनी बसवून होईपर्यंत ते थांबले, आणि मग टपावरची दुधाची पिशवी विसरून निघून गेले. ती परत द्यायला म्हणून मी मराठी मंडळींत विचारत, पत्ता शोधत त्यांच्या घरी गेले, तिथे शैलाकाकूंनी मला जेवायलाच बसवलं. पुढे त्या घरी जायला मला कारण लागलं नाही.

दर ऑक्टोबरात, बर्फासाठीची वेगळी हिवाळी चाकं चढवायच्या दिवसांत, काकांकडे आमच्यातल्या आठ-दहा घरांच्या गाड्या यायच्या. घराच्या अंगणात गाडी धुवायला इथे परवानगी नाही, घाण पाणी जमिनीत मुरतं म्हणून. त्यामुळे आधी पैसे टाकून पाण्याचा फवारा मिळतो त्या वाशबॉक्समध्ये जायचं, चाकं धुवायची, आणि मग शेजारच्या गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना वापरायला दिलेल्या शेडमध्ये जमायचं. काका प्रत्येक रिम हाताने चाचपून बघायचे. टवका उडालेला दिसला की तिथे लॅकरचा थेंब. तो वाळला की मेण. मेण लावायचं ते आधी आतल्या बाजूला, कारण मीठ तिथेच साचून राहतं आणि बाहेरची बाजू लावून झाली की माणूस कंटाळतो, हा त्यांचा अनुभव. हब तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासायचा. आम्ही घाई केली की काका ते चाक नुसतं पुन्हा आमच्यापुढे ठेवायचे. मधे शैलाकाकूंचा चहा आणि भडंग यायचं. खरं सांगायचं तर मी त्या भडंगासाठीच जायचे असं बरीच वर्षं मला वाटत होतं.

रेवाला मात्र हे सगळं अजिबात आवडत नसे. बारा-तेरा वर्षांची असताना वाशबॉक्समध्ये वर्गातलं कुणी दिसलं की ती गाडीच्या सीटवर खाली सरकून बसायची. तिच्या मैत्रिणींचे वडील चाकं बदलायला गॅरेजमध्ये जात, आणि तिचे बाबा दुसऱ्यांच्या चाकांपुढे गुडघ्यावर बसत. काकांना ते कळत होतं. एकदा मी त्यावरून काही बोलू लागले तर म्हणाले, "राहू दे. तिला लाज वाटते ती माझी नाही, गुडघ्यांची." मला ते तेव्हा नीट समजलं नव्हतं.

त्यांच्या नोकरीबद्दल ते फार बोलत नसत. चाकांच्या रिम तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते होते, एवढं माहीत होतं. तिथे एक बंद कपाट असतं, त्यात मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात आणि रिमवर मुद्दाम ओरखडा काढून ती आठवडेच्या आठवडे त्या धुक्यात ठेवतात. ओरखड्यापासून गंज किती मिलिमीटर सरकला ते मोजायचं, हे काकांचं काम. बाकीची गोष्ट मला शैलाकाकूंनी सांगितली, फार नंतर. मालाच्या एका मोठ्या खेपेची चाचणी नापास झाली होती. वरिष्ठांनी सांगितलं, दुसरे नमुने लावा. काकांनी लावले, ते पास झाले. मग अहवालात फक्त दुसरेच आकडे लिहा असं सांगण्यात आलं. काकांनी दोन्ही लिहिले. भांडले नाहीत, कुणाकडे तक्रार केली नाही, दोन्ही लिहून सही करून दिली. महिन्याभरात त्यांची बदली पॅकिंगच्या विभागात झाली. खोक्यांची मापं घ्यायची, झालं. दोन वर्षं ते काम त्यांनी केलं. काकू म्हणाल्या, "त्या वर्षी घर घ्यायचं ठरलं होतं, ते राहिलं. मी परत जाऊ म्हणत होते. हे म्हणाले, रेवाची शाळा मधेच तोडायची नाही. आणि ऑक्टोबरात त्यांनी पहिल्यांदा शेजाऱ्याची चाकं धुतली. मला वाटलं, डोकं फिरलं यांचं." मग त्या म्हणाल्या, "मोजायला काहीतरी खरं हवं होतं त्यांना."

आता मला जे लिहायचं आहे ते लिहायला जड जातंय...

तीन वर्षांपूर्वी मला कंपनीकडून गाडी मिळाली. तिची देखभाल, चाकबदल सगळं कंपनीच्या करारातलं गॅरेज बघणार होतं. ऑक्टोबर आला, काकांचा फोन आला, गाडी कधी आणतेस. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की आता ते सगळं कंपनीच करते. "बरं झालं की," ते म्हणाले. "मग नुसती चहाला ये." मी येते म्हटलं आणि गेले नाही. पुढच्या ऑक्टोबरातही फोन आला, फक्त चहासाठीच. तेव्हाही गेले नाही. रागलोभ काही नव्हता. मुलीचे क्लास होते, मीटिंगा होत्या, शनिवार भरलेले होते. गेल्या ऑक्टोबरात फोन आला नाही, आणि तो आला नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. नोव्हेंबरात काकूंचा मेसेज आला की यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मी काळजी घ्या असं लिहून पाठवलं.

भेटायला गेले ते जानेवारीत, एका रविवारी दुपारी, मुलीला घेऊन. काका निम्मे झाले होते. मिशा तेवढ्या जाग्यावर होत्या. रेवा सुट्टीला आलेली होती. मी बसते न बसते तोच त्यांनी खिडकीतून माझी गाडी बघितली आणि विचारलं, चाकं बदलल्यावर पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घेतले का. तसं करायचं असतं हे त्यांनीच मला दहादा शिकवलं होतं. गॅरेजवाल्याने बिलावरही छापून दिलं होतं. मी आवळून घेतले नव्हते.

काकू नको नको म्हणत असताना काका उठले. कानटोपी, मफलर, त्यावर जाकीट. रेवाने घडीची खुर्ची नेऊन फुटपाथवर मांडली आणि तळघरातून टॉर्क रेंच आणला. काका खुर्चीत बसून मराठीत सांगत होते, ती जर्मनमध्ये उत्तरं देत गुडघ्यावर बसून एकेक बोल्ट तपासत होती. ठरलेला जोर लागला की तो पाना कट्ट असा वाजतो. मागची दोन्ही चाकं लगेच वाजली. पुढचं उजवंही. पुढच्या डाव्या चाकाचा पहिला बोल्ट वाजला नाही. फिरला. अर्धा फेरा फिरून मग वाजला. त्याच्या समोरचाही तसाच.

रेवाने वर बघितलं, आधी वडिलांकडे, मग माझ्याकडे. काका म्हणाले, हब न घासता चाक चढवलं असणार. मधला गंज मिठाने भुसभुशीत होतो, गाडी पळाली की दबतो आणि बोल्ट सैल पडतो. हे सगळं अगदी नेहमीच्या आवाजात. मग त्यांनी खिडकीत उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे बघितलं. ती रोज त्याच गाडीतून शाळेत जाते.

मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले. म्हटलं, "काका, मी ऑक्टोबरात यायला हवं होतं."

"आलीस की," ते म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी रेवाला ते चाक काढून हब घासायला लावला, धातू दिसेपर्यंत. थंडीने तिचे हात लाल झाले होते. समोरून तिच्याच वयाचे शेजारी निघाले होते, त्यांनी हात केला, तिनेही ब्रश धरलेला हात वर केला आणि पुन्हा घासू लागली. काका तिच्याकडे बघत होते. तसं त्यांना बघताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. दोन महिन्यांनी ते गेले.

अंत्यसंस्काराला तो म्हातारा शेतकरीही काळा कोट घालून आला होता. काकूंचा हात त्याने दोन्ही हातांत बराच वेळ धरून ठेवला. दोघांना एकमेकांची भाषा फारशी येत नाही, आणि त्या वेळी ती लागलीही नाही.

ईस्टरच्या सुट्टीत रेवा पुन्हा घरी आली आणि तिने मला बोलावलं. काकूंच्या छोट्या गाडीची हिवाळी चाकं उतरवायची होती. आम्ही दोघी तळघरात गेलो. उन्हाळी चाकं भिंतीशी एकावर एक रचलेली होती, मधे जुन्या सुती साड्यांचे तुकडे घातलेले. साडीचा तुकडा उचलला तर टायरवर खडूने लिहिलेलं दिसलं: पु.डा. पुढचं डावं. खाली पु.उ., मग मा.डा., मा.उ. इथे सगळे जर्मन अक्षरं लिहितात. काकांनी स्वतःच्या घरच्या चाकांवर मराठीत लिहिलं होतं, हे मला कधी दिसलंच नव्हतं. रेवाला देवनागरी वाचता येत नाही. तिने एकेका अक्षरावर बोट ठेवून मला विचारलं, मी वाचून दाखवलं. तिचं बोट खडूला लागणार नाही इतकं वर होतं.

चाकं चढवली, बोल्ट आवळले, काकू खिडकीतून बघत होत्या. त्या चाकांवरची अक्षरं आता गेली असतील, रस्त्यावर ती आठवडाभरही टिकत नाहीत. उतरवलेली हिवाळी चाकं आम्ही धुवून आणली, आतून आधी, पुसली, मेण लावलं. तळघरात ती रचून ठेवण्यापूर्वी रेवाने शेल्फावरचा खडू घेतला. मला वाटलं, ती जर्मन अक्षरं लिहील. तिने फोन काढला. त्यात वडिलांच्या अक्षरांचा फोटो होता, माझ्या नकळत कधीतरी काढलेला. तो गुडघ्यावर ठेवून, जीभ दातांत धरून, चित्र काढावं तसं तिने चार टायरांवर ते उतरवलं. तिचा 'उ' उलट्या बाजूला वळला होता. बरोबर आहे का, असं तिने विचारलं.

मी हो म्हटलं. आणि साडीचा तुकडा त्यावर घातला.