बाबांवरचा दिवाणी दावा

मागच्या महिन्यात सौंदडहून आईचा फोन आला. "बाबाच्या नावानं कोर्टाचा कागद आला. काही खाऊनच नाही राहिले." मी नागपूरहून मिळेल त्या बसने गावी निघाले.

दावा केला होता झनकलालकाकांनी. आमच्या धानाच्या शेताला लागूनच त्यांचं शेत, आणि दोघं लहानपणापासूनचे सोबती. तलावाचं पाणी आमच्या शेतातून त्यांच्याकडे जायचं. आमचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, सारखा फुटतो म्हणून बाबांनी यंदा ती वाट बुजवली... मग बोलणंही बंद झालं.

बाबांना एकच भीती. "मले पोलीस नेतीन का वं?"

तालुक्याच्या गावी, सडक अर्जुनीला, ओळखीच्या वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी कागद वाचला आणि आधी बाबांसाठी चहा सांगितला. "काका, हे दिवाणी आहे, फौजदारी नाही. तुम्हाला कोणी पकडायला येत नाही."

बाबांना पटेना. मग मॅडम सगळं समजावत बसल्या. मोगलांच्या काळात गुन्ह्यांचा बंदोबस्त फौजदाराकडे असायचा, तर महसूल आणि जमीनजुमल्याचे तंटे दिवाणाकडे. पुढे कंपनी सरकारने दोन्हींची कोर्टं वेगळी चालवली, शब्द मात्र तेच ठेवले.

दिवाणीला इंग्रजीत 'सिव्हिल' म्हणतात, तो शब्द तर मुळात त्याहून जुना... रोमच्या नागरिकांचा आपसातला कायदा. फ्रान्ससारख्या देशांत त्याच वळणाच्या, संहितेत बांधलेल्या अख्ख्या कायदापद्धतीला सिव्हिल लॉ म्हणतात. "आपल्याकडे अर्थ सोपा आहे काका. गुन्हा कोणी केला ते नाही, हक्क कोणाचा ते बघायचं."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे झनकलालनं मले गुन्हेगार नाही म्हटलं?"

"नाही हो. त्यांनी फक्त पाणी मागितलंय."

परतताना बाबा घरी आलेच नाहीत, थेट काकांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मी मागे.

"पाणीच पाहिजे होतं त कोर्टात कायले गेला?"

"तू बोलून कुठं राहिला होतास?" काका म्हणाले... आणि अंगणात उतरून बाबांजवळ आले. काकूंनी दोन खुर्च्या बाहेर आणून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दोघांनी शेतात उभं राहून ठरवलं... पाण्याची वाट धुऱ्याच्या कडेने न्यायची, आणि धुरा फुटला तर दोघांनी मिळून बांधायचा. मॅडमनी ही तडजोड लिहून कोर्टापुढे ठेवली, कोर्टाने तसाच हुकूमनामा केला. त्या दिवशी वादी आणि प्रतिवादी एकाच मोटारसायकलवर कोर्टात गेले होते!

मॅडम, पुढची तारीख सांगून तुम्ही आम्हाला पाच मिनिटांत वाटेला लावू शकला असता. एका घाबरलेल्या माणसाला एका शब्दाचा अर्थ सांगण्यात तुम्ही अख्खी दुपार घालवलीत... त्या दुपारने माझ्या बाबांना त्यांचा मित्र परत दिला. हे उपकार आमचं घर विसरणार नाही.